निघून राहिलो

नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ आगीच्या दिवसांत, नागपूरचा माणूस थंडीसाठी काय वाट्टेल ते करतो. ओला दुपट्टा डोक्याला गुंडाळतो, कूलरच्या तोंडाशी खाट ओढतो, खिशात कांदा ठेवतो. आम्ही मात्र त्याच दिवसांत, मौद्याच्या रस्त्यावरच्या एका कारखान्याच्या आवारात, विकत घेतलेली थंडी चिमणीच्या धुराला पाजत बसलो होतो. बाहेर डांबराला चप्पल चिकटायची आणि आमच्या डब्यांच्या आत उणे शंभरच्याही खाली गेलेलं असायचं. तिथं पारा किती उतरला असं म्हणायची सोय नव्हती, कारण पारा त्याच्या कितीतरी आधीच गोठून बसतो.

आता मी निवृत्त आहे, तरी भेटेल तो विचारतो, "धूर गार करून काय मिळायचं हो तुम्हाला?" उत्तर देऊन देऊन तोंड दुखलं, म्हणून एकदाचं लिहून टाकते.

कोळसा जळला की चिमणीतून जे बाहेर पडतं त्यातला बहुतेक भाग निरुपद्रवी नायट्रोजनचा असतो. थोडी वाफ असते, आणि ज्याच्या नावानं सगळं जग बोटं मोडतं तो कार्बन डायऑक्साइड त्यामानानं थोडाच असतो. तेवढाच बाजूला काढायचा, हे आमचं काम. बाकीचे लोक तो रसायनात शोषून घेतात आणि मग रसायन तापवून सोडवतात. त्या तापवण्यात वीजसंचाची बरीच वाफ खर्ची पडते. आम्ही रसायनाच्या वाटेला गेलोच नाही. धूर धुऊन घ्यायचा, त्यातलं पाणी काढून टाकायचं आणि मग तो इतका गार करायचा की कार्बन डायऑक्साइड भुरभुरीत बर्फ होऊन भिंतीला धरतो. साध्या दाबाला हा वायू पातळ होतच नाही, त्याचा एकदम बर्फच होतो. नायट्रोजनला त्या थंडीचं काही वाटत नाही, तो तसाच पुढं जातो. जाता जाता त्याच्या अंगची थंडी आम्ही काढून घ्यायचो आणि आत येणाऱ्या गरम धुराला द्यायचो. थंडी एकदा विकत घ्यायची आणि पुन्हा पुन्हा वापरायची, यात आमचा सगळा स्वस्तपणा होता.

सगळा म्हणजे बहुतेक. उरलेला स्वस्तपणा भंगारातला होता. कंप्रेसर एका बंद पडलेल्या शीतगृहातले, टाकी एका सोडा कारखान्याची, आणि धुण्याचं पाणी गार करायला वाळ्याच्या ताट्या लावलेला कूलर, अगदी घरच्यासारखा, फक्त खोलीएवढा मोठा. बर्फ धरायला दोन पोलादी डबे होते. एकात बर्फ धरत असे तेव्हा दुसरा बंद करून तापवायचा. कोंडलेल्या जागेत दाब वाढला की तोच बर्फ पातळ होतो आणि टाकीत ओढून घेता येतो. मग पाळी बदलायची. एक कामाला लागली की दुसरी बसून घेते, म्हणून आमच्या माणसांनी त्या डब्यांना जावा म्हणायला सुरुवात केली. एक थोरली, एक लहानी. नकाशावर त्यांना इंग्रजी नावं होती, ती कोणाच्या तोंडात बसली नाहीत.

हे डबे खरं तर उंच लोखंडी चौथऱ्यावर हवे होते. पण जागेवर आधीच एक खड्डा होता, कारखान्यानं वजनकाट्यासाठी कधीतरी खणलेला आणि सोडून दिलेला, दीड पुरुष खोल. डबे जमिनीवर बसवले आणि त्यांच्या तळाचे नळ त्या खड्ड्यात सोडले. चौथऱ्याचं लोखंड वाचलं, आमच्या कंपनीचे साहेब खूश झाले, आम्ही सगळ्यांनी मान डोलावली. खड्ड्याला शिडी लावली, कठडा लावला, आणि खाली उतरणाऱ्याच्या अंगावर पट्टा आणि दोर, काठावर एक माणूस, असा नियम मी स्वतः भिंतीवर रंगवून घेतला.

नियम एवढ्यासाठी की हा वायू हवेपेक्षा जड असतो. खाली बसतो, दिसत नाही, आणि दाट असला तर दोन श्वासांत माणूस आडवा करतो. सांगायला सोपं आहे, पटायला फार कठीण. पाहुण्यांना दाखवायला आम्ही थोड्या कोरड्या बर्फाच्या वड्या पाडायचो. त्याचा सुगावा लागून नागपूरच्या महाल भागातला एक लग्नांचे इव्हेंट करणारा गृहस्थ, बबलू म्हणत त्याला, एक दिवस गाडी घेऊन हजर झाला. नवरीच्या एंट्रीला पायाखाली ढग हवे होते. मी बर्फाची पेटी दिली, त्यानं ती मागच्या सीटवर ठेवली आणि काचा वर केल्या.

"काचा खाली करा," मी म्हटलं.

"एसी चालू हाय नं मॅडम. बर्फ वितळून जाईन."

"बर्फ राहील. तुम्ही जाल."

तो हसला. मी खिडकीतून हात घालून किल्ली काढून घेतली आणि विचारलं, हे ढग नेमके सोडणार कुठं. म्हणाला, स्टेजच्या समोर. मग स्टेजच्या समोर कोण बसतं? "लेकरं बसते नं, खाली गादीवर." मी पेटी परत उतरवून घेतली.

"थोडासा धूर तं हाय," तो म्हणाला. "येवढ्या कायले भिऊन राहिल्या?"

पुढं कित्येक दिवस त्यानं महालभर माझी अक्कल काढली. माझ्या भावाला पानाच्या ठेल्यावर ऐकायला मिळायचं. ढग आलेच नाहीत म्हणून त्या लग्नात काही झालंही नाही, आणि बबलूच्या हिशेबी आजही मीच वेडी आहे.

भिऊन राहिल्या म्हणजे भीत आहात. नागपुरात हे कोणाला सांगावं लागत नाही. मी महालातच वाढले, त्यामुळे मलाही कधी सांगावं लागलं नव्हतं. पुण्याच्या कॉलेजात गेले तेव्हा पहिल्याच आठवड्यात खोलीतल्या मुलीनं हाक मारली, मी आतून ओरडले, "जेवण करून राहिली." ती म्हणाली, "जेवण करून कुठं राहिलीस?" सगळ्या मजल्यावर हशा पिकला. त्या दिवसापासून माझ्याकडे दोन मराठी झाल्या, एक घरची आणि एक कामाची. कामावर मी 'मले' म्हणत नसे. माझी माणसं म्हणायची, आणि मला ते कानाला गार वाटायचं.

त्यांच्यात प्रल्हाद सगळ्यांत जुना. मौद्याजवळच्या गावचा, घरी धानाची शेती, अंगानं भक्कम, तोंडानं त्याहून. पट्टा बांधायला सांगितलं की रोज नवी कुरकुर. "घामोळ्या येऊन राहिल्या मॅडम, तुमच्या पट्ट्यानं." गजू त्याचा साळा, त्याच्या बायकोचा, मंदाचा, धाकटा भाऊ. प्रल्हादनंच त्याला कामाला आणलं होतं. दोघं जोडीनं काम करायचे, एक खाली आणि एक काठावर, आणि मला ती जोडी आवडायची. आपल्या माणसाच्या दोरावर आपलं माणूस असलेलं बरं, असं मला वाटायचं.

आणि अनिरुद्ध. पुण्याहून आलेला, नियंत्रण खोलीचा इंजिनिअर, हुशार आणि कामाला वाघ. प्रल्हादला 'तुम्ही' म्हणायचा, माणसांच्या डब्यातली झणझणीत भाजी डोळे पुसत खायचा. माणसांनाही तो आवडत होता. हे आधी सांगून ठेवते, कारण पुढं जे झालं त्यात वाईट माणूस कोणी नाही.

त्या उन्हाळ्यात एक समिती येणार होती. पुढचा पैसा द्यायचा की नाही हे ती ठरवणार, आणि अट अशी की त्यांच्यासमोर संच सलग चालता दिसला पाहिजे. मध्येच बंद पडला तर बोलणी संपली आणि माझ्या माणसांना दुसरं काम शोधायचं. सगळ्यांना हे ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी समिती पोचायची होती, आणि आदल्या दुपारी ऊन इतकं चढलं की धुराचं पाणी पुरतं निघेना. उरलेलं पाणी आत जाऊन जिथं तिथं साधा बर्फ धरायला लागला. थोरली भरत आली, तिच्यातून धूर पुढं सरकेना, मागचा दाब चढायला लागला. पाळी बदलून लहानी चालू करायची तर तिच्या तळाचा नळ गोठलेला.

लहानी चालू करण्याआधी तिच्या पोटात उरलेला वायू आणि चिखलपाणी तळाच्या नळातून जोरात बाहेर सोडावं लागायचं. आम्ही त्याला फुंकर म्हणायचो. त्यासाठी दोन व्हॉल्व्ह. एक खड्ड्यात, हातानं फिरवायचा. दुसरा नियंत्रण खोलीतल्या बटणावर. खड्ड्यातला गोठला होता.

प्रल्हाद पट्टा बांधून खाली उतरला. गजू काठावरून टाकीचं पाणी बादलीनं सोडत होता. नवतप्यातलं टाकीचं पाणी, वेगळं तापवायची गरज नव्हती. मी कंप्रेसरच्या शेडमध्ये होते, कारण जुना कंप्रेसर दम टाकायच्या बेतात होता आणि त्याच्या अंगावर दोन माणसं ओली पोती घालत होती. कमरेला वॉकीटॉकी. अनिरुद्धचा आवाज दर थोड्या वेळानं यायचा, आणि दर वेळी जरा वरच्या पट्टीत. थोरलीचा दाब वाढतोय. अजून वाढतोय. मॅडम, आता संच स्वतःहून बंद पडेल.

मग प्रल्हादचा आवाज आला. "मोकळा झाला सर वॉल. पूर्ण खोलला."

"शाबास. तुम्ही खड्ड्यातून बाहेर आलात का?"

"हो सर. निघून राहिलो."

मी ते ऐकलं आणि मला काहीच वाटलं नाही. माणूस निघतोय, शिडी चढेल, वर येईल, मग सांगेल. मी कंप्रेसरच्या काट्याकडे पाहत होते. आणि मग अनिरुद्ध म्हणाला, "ठीक आहे. फुंकर सोडतोय."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. त्याच्या कानानं ऐकलं होतं की माणूस निघाला आणि बाहेर राहिला. त्यानं विचारलं, बाहेर आलात का. उत्तर आलं, हो. त्याच्या मराठीत याचा दुसरा अर्थच होत नव्हता, आणि प्रल्हादच्या मराठीत हा अर्थ होतच नव्हता.

वॉकीटॉकीवर एकजण बटण दाबून बोलत असला की दुसऱ्याचा आवाज जात नाही. मी बटण दाबून ओरडले, पण अनिरुद्ध पलीकडून थोरली कशी बंद करायची ते दुसऱ्या माणसाला सांगत होता. त्याचा आवाज स्पष्ट येत होता. शांतपणे, नीट, एकेक गोष्ट. मी धावत सुटले. शेडपासून खड्डा फार लांब नव्हता, रोज मी ते अंतर चहाचा कप हातात घेऊन चालायचे. त्या दिवशी ते संपता संपेना. पळता पळता सुस्कारा ऐकू आला, लहानीच्या पोटातून वायू सुटल्याचा. माझ्या हातातलं यंत्र मोकळं झालं तेव्हा मी एवढंच म्हणाले, "बंद कर. माणूस आत आहे." सुस्कारा थांबला.

खड्डा काठोकाठ पांढरा भरलेला होता. वाफ नव्हे ती, थंडीनं हवेतल्याच पाण्याचं केलेलं धुकं, पण जिथवर धुकं तिथवर वायू, एवढं पक्कं. कठड्याला बांधलेला दोर सरळ त्यात उतरला होता. वर कोणी नव्हतं. व्हॉल्व्ह मोकळा झाला म्हटल्यावर प्रल्हादनंच गजूला बादल्या घेऊन पाठवला होता, मी येऊनच राहिलो म्हणून. काठावरच्यानं खालचा वर आल्याशिवाय हलायचं नाही, हे भिंतीवर रंगवलेलं होतं. पण काम झालं होतं, ऊन होतं, आणि शिडीच्या पाच-सहा पायऱ्या काय त्या उरल्या होत्या.

मी हाका मारल्या. उत्तर नाही.

हवा खेचणारा पंखा लावायला मी वळले तेवढ्यात गजू आला. त्यानं खड्डा पाहिला, हातातल्या बादल्या टाकल्या आणि सरळ शिडीवर पाय ठेवला. मी त्याला मागून कॉलरला धरलं. तो माझ्या दुप्पट ताकदीचा. शर्ट फाटला, मी त्याच्या कमरेला मिठी मारली आणि दोघंही काठावर आडवे झालो.

"सोडा मले मॅडम. भाऊजी खाली हायेत."

"उतरशील तं तू बी पडशील."

"पडू द्या. सोडा मले."

मी त्याच्या थोबाडीत मारली. आयुष्यात कोणावर हात उगारला नव्हता. आणि माझ्या तोंडून माझी घरची भाषा निघाली, जी इतक्या वर्षांत कामावर कधी निघाली नव्हती. "दोर धर बे गजू. दोर धर. तू खाली गेला तं याले वरतं कोन ओढन?"

ते त्याच्या डोक्यात शिरलं की मारानं तो भानावर आला, कोण जाणे. त्यानं दोर धरला. आम्ही दोघांनी ओढला. थोडा वर आला आणि अडकला. पुन्हा ओढला, पुन्हा तिथंच. शिडीच्या पायरीत पाय अडकला असणार. शिडी चढता चढताच पडला होता तो. सांगितलं तसाच, निघून राहिला होता.

अनिरुद्ध हवेची टाकी आणि मास्क घेऊन धावत आला. आमच्याकडे तो एकच संच होता. त्याचा चेहरा पाहून मला कळलं की याला सगळं कळलेलं आहे. मास्क अर्धा तोंडावर चढवून तो शिडीकडे निघाला. पट्टा सैल होता. मी त्याला अडवलं, मास्क नीट बसवला, मागचा पट्टा आवळला, हात लावून कडेनं हवा येते का पाहिली. त्या वेळात गजू मला जे बोलला ते इथं लिहिता येणार नाही. त्याचं बरोबर होतं. त्याच्या जागी मीही तेच बोलले असते. पण पट्टा आवळल्याशिवाय मी अनिरुद्धला खाली सोडलं नाही.

तो धुक्यात गेला आणि दिसेनासा झाला. आम्ही दोर ताणून उभे होतो. मग दोर एकदम सैल पडला, म्हणजे पाय सुटला, आणि आम्ही ओढत सुटलो. शेडमधली माणसं पोचली होती, त्यांनीही हात लावला.

प्रल्हाद वर आला तो राखेच्या रंगाचा. एका गालाला थंडीनं पांढरा चट्टा पडला होता. नाडी होती, श्वास नव्हता. मी तोंडाला तोंड लावून श्वास भरायला लागले. हे आम्ही रबरी बाहुलीवर दर वर्षी शिकायचो आणि दर वर्षी प्रल्हादच सगळ्यांत जास्त हसायचा. मी भरत राहिले. गजू त्याचे पाय चोळत होता आणि बहिणीचं नाव घेत होता, देवाचं नव्हे. मग प्रल्हादच्या छातीतून घरघर आली आणि तो खोकला. तसा वाईट, ओला खोकला मी पुन्हा ऐकला नाही, आणि तितका गोडही ऐकला नाही.

संच केव्हाच बंद पडला होता. कोणाच्या ते लक्षातही आलं नाही.

नागपूरच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, जीव वाचेल, बाकी शुद्धीवर आल्यावर बघू. बाकी म्हणजे डोकं शाबूत राहील की नाही, ते मंदाला कळलं. ती व्हरांड्यात भिंतीला टेकून बसली. अनिरुद्ध समोरच्या बाकावर. तो घरी गेला नाही, जेवला नाही. मंदाशी बोलायची त्याची हिंमत होत नव्हती आणि तिला तो कोण हे ठाऊक नव्हतं. प्रल्हादनं डोळे उघडले, बायकोला नावानं हाक मारली, गजूकडे पाणी मागितलं, तेव्हा आम्हा सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. संध्याकाळी अनिरुद्ध आत गेला, मी दाराशी होते. त्यानं कसंबसं विचारलं, "कसं वाटतंय?"

"जगून राहिलो सर," प्रल्हाद म्हणाला.

बाहेर आल्यावर अनिरुद्धनं मला विचारलं, "मॅडम, म्हणजे जगतोय, की जगला?" मी म्हटलं, दोन्ही. मग तो व्हरांड्याच्या टोकाला जाऊन बराच वेळ उभा राहिला, आणि मी त्याच्याकडे गेले नाही.

साहेबांना अहवालात कारण हवं होतं ते भाषेचं. ऑपरेटरनं संदिग्ध उत्तर दिलं, यापुढं वॉकीटॉकीवर सगळं इंग्रजीत. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. इंग्रजी शब्द ठरवा, खुशाल ठरवा, प्रल्हाद 'क्लिअर' तुमच्याइतकंच छान म्हणतो. पण त्याचं उत्तर संदिग्ध नव्हतं आणि अनिरुद्धचा प्रश्नही चुकीचा नव्हता. चूक त्या खड्ड्याची होती. डबे वर असते, नळ उघड्यावर असते, तर ती फुंकर वाऱ्यावर गेली असती आणि प्रल्हादनं वर येऊन दोन शिव्या हासडल्या असत्या. पुढं ढकललेली समिती नंतर आली तेव्हा त्यांच्यातल्या एकानं कौतुकानं विचारलं, हे तुम्ही इतक्या स्वस्तात बसवलं कसं? साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांना खड्डा दाखवला. म्हटलं, असं. आणि चौथरा, तळाशी माणूस असताना फुंकर अडवणारं आपोआप कुलूप, हवेचे आणखी दोन संच धरून पुन्हा हिशेब मांडा, मग आम्ही किती स्वस्त ते सांगा. परतीच्या वाटेवर साहेब माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. मंजुरी मिळाली, पण उशिरा आणि कापून, आणि सगळ्यांत स्वस्त म्हणून आमचं नाव छापून यायचं होतं ते काही आलं नाही. त्याची खंत मला आहे. धूर गोठवायचं ते काम खरंच चांगलं होतं आणि पहिलं नाव आमचंच असायला हवं होतं.

डबे चौथऱ्यावर चढले. खड्ड्यात मुरूम भरून वर काँक्रीट घातलं. तेव्हा प्रल्हाद ठीक होता, गालावर डाग तेवढा राहिला होता. कामावर यायचं की नाही हे ठरायचं होतं, आणि ते तो ठरवणार नव्हता. एका सकाळी मंदाच त्याला घेऊन आली. मागं गजू. तिनं चौथरा पाहिला, काँक्रीटवर पाय आपटून पाहिला. मग मला म्हणाली, "मॅडम, एक विचारू? राग नका मानू."

"विचार."

"माह्या भावाले तुमी काहून धरून ठेवलं? थो सांगते, मॅडमनं मले मारलं. थो उतरला असता तं याईले लवकर काढलं असतं."

मी तिला समजावलं. पहिल्याच श्वासात तोही पडला असता, मग खाली दोघं आणि वर ओढायला कोणी नाही. ती नीट ऐकत होती. मला वाटलं, पटलं.

"थे समजते मले," ती म्हणाली. "पन खालतं तुमचे साहेब असते, घरचे, तं तुमी दोर धरून उभ्या राहिल्या असत्या?"

कामाच्या मराठीत माझ्याकडे उत्तर तयार होतं. दर वर्षी प्रशिक्षणात मी तेच द्यायचे. पण तिच्या तोंडाकडे पाहून ते देववेना.

"नाई," मी म्हटलं. "मी उतरली असती."

"मंग?"

"मंग मले बी कोनं तरी धराले पाहिजे होतं. माह्या नात्यातलं नसन असं कोनी."

मग प्रल्हादकडे हात करत ती गजूकडे वळली. "तू आता याईच्या संगं नोको राहू. दुसऱ्याच्या दोरावर राह्य." गजूनं मान खाली घातली. तिनं पुन्हा चौथऱ्यावरच्या डब्यांकडे पाहिलं. खड्डा गेला तरी वर्षातून काही वेळा डब्यांत उतरून आतली खरवड साफ करावीच लागायची, हे प्रल्हादनं तिला सांगितलेलं असणार.

"अन् याईचा दोर कोनाच्या हाती राहीन?"

अनिरुद्ध नियंत्रण खोलीच्या पायऱ्यांवर उभा होता. तो खाली उतरून आला.

"माझ्या, वहिनी."

मंदानं त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं. दवाखान्यातल्या बाकावरचा चेहरा तिला आठवला असावा.

"तुमीच का थे? बटन दाबलं थे?"

"हो. मीच."

प्रल्हाद मध्ये बोलायला गेला, तिनं हातानं त्याला थांबवलं. अनिरुद्ध नजर चुकवत नव्हता.

"मंग तुमीच धरा," ती म्हणाली.